पोर बिघडलं, ठपका गाण्यावर

पावसाळ्यात महाड तालुक्यातल्या शिवथरच्या घळीत धबधब्याचा आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये ही घळ शोधून काढली, आणि पुढे भाविकांची रीघ लागली. मुलाला घेऊन दर्शनाला येणारे आईबाप ज्याच्यापुढे हात जोडतात, तो बाराव्या वर्षी ‘सावधान’ ऐकून भर मांडवातून पळालेला मुलगा होता. त्याआधीही जांबच्या ठोसरांचा हा नारायण अंधाऱ्या कोपऱ्यात एकटाच बसायचा आणि आईनं विचारलं तर जगाची काळजी करतोय म्हणायचा, अशी कथा आहे. आज असा मुलगा बिरवाडीत किंवा पोलादपुरात निघाला, तर कुणी अंगारा आणायला सांगेल, कुणी त्याचा मोबाइल काढून घ्यायला. पळालेला पोरगा संत ठरला की तो आपला. घरात गप्प बसलाय तोवर मात्र त्याची धास्ती.

ही धास्ती जुनीच आहे, पण गेल्या पन्नास वर्षांत तिला एक ठरलेली सवय लागली. पोराचं काय बिनसलंय ते कळेनासं झालं की मोठी माणसं तो ऐकतो त्या गाण्याकडे बोट दाखवतात. कधी इंग्रजी रॉक, कधी हिंदी-मराठी सिनेमाची गाणी, आता रॅप. हा मागोवा त्या बोटाचा आहे.

सुरुवात १९७१ पासून करू. देव आनंदचा ‘हरे रामा हरे कृष्णा’ त्या वर्षी आला आणि ‘दम मारो दम’ आपल्या सांगलीच्या आशाबाईंच्या आवाजात घराघरांत पोचलं. त्या गाण्याची गिटार वाजली की वडीलधारी रेडिओ बंद करायची. चिलीम, गिटार, मोकळे केस एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं. सिनेमाची कथा मात्र वेगळंच सांगत होती. आईबाप विभक्त होतात, भावंडांची ताटातूट होते, मुलीला आई आणि भाऊ वारल्याचं खोटंच सांगितलं जातं, आणि घरात जिला आपलं असं कुणी उरलं नाही अशी ती मुलगी काठमांडूच्या हिप्पींत जाऊन मिसळते. म्हणजे घर आधी मोडलं, गाणं नंतर आलं. प्रेक्षकांनी हा क्रम उलटा करून घेतला. पुढची कित्येक वर्षं केस कानावर आले की पोरगा ‘हिप्पी’ झाला, असं गावागावांत म्हटलं जायचं.

त्यानंतर पाचेक वर्षांत महाराष्ट्राला तरुण पोरांची खरीखुरी भीती वाटावी असं घडलं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून ते प्रकरण आजही ओळखलं जातं. आणीबाणीचा काळ, संध्याकाळ झाली की पेठांतली दारं आतून बंद व्हायची. पकडले गेले ते राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. सगळे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, विशीच्या आसपासचे. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. कुणी दरोडेखोर असेल, बाहेरचा असेल असं धरून बसलेल्या शहराला ही शिकलेली, चित्रं काढणारी, शेजारून जाणारी पोरं निघाली याचा धक्का जास्त होता. आणि या सगळ्या प्रकरणात गिटारीचा कुठे संबंध नव्हता. हे पुढच्यासाठी लक्षात ठेवायला हवं.

आमच्या खोऱ्याची गोष्ट त्याच सुमारास वेगळ्या वाटेनं चालली होती. महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या घरांचा कर्ता पुरुष मुंबईत, बाई आणि म्हातारी शेतावर, पोरगा थोडा इथे थोडा तिथे, ही रीत कित्येक पिढ्यांची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली थंड पडल्या. त्यात कोकणातल्या वाड्यावाड्यांची माणसं होती. बाप बसून राहिला, गावाला येणारी मनीऑर्डर थांबली, आणि चाळीतली पोरं नाक्यावर आली. काही टोळ्यांना मिळाली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात त्या घरांचं चित्र आहे, आणि २०१० मध्ये महेश मांजरेकरांनी त्यावर ‘लालबाग परळ’ काढला. गावात मात्र त्या पोरांबद्दल एकच वाक्य ऐकू यायचं : मुंबईचं वारं लागलं. वारं कुठलं? सिनेमाचं, गाण्याचं, संगतीचं. बंद गिरणीचा भोंगा त्या यादीत कुणी धरत नसे.

१९८६ हे वर्ष या मागोव्यात थांबून बघण्यासारखं आहे. राजदत्तांचा ‘माफीचा साक्षीदार’ त्या वर्षीचा. पुण्याच्या खुनांवरचा हा सिनेमा, नाना पाटेकर त्यात होते. मोठ्या माणसांची भीती पडद्यावर आली ती अशी. त्याच वर्षी मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा संगीत महोत्सव सुरू झाला. धोबीतलावच्या रंगभवनात काळे टी-शर्ट घातलेली हजारो पोरं घाम येईपर्यंत माना हलवायची, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं इथे काहीतरी भयंकर चाललंय. ‘रॉक मशीन’सारखे बँड तिथूनच नावारूपाला आले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात ते आवार मुकं झालं.

आणि १९८६ मध्येच, २९ ऑगस्टला, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. ब्राउन शुगर, म्हणजे ‘गर्द’, तेव्हा मुंबई-पुण्यातली पोरं गिळत होती. अनिल अवचट त्या पोरांजवळ जाऊन बसले, त्यांनी विचारलं, ऐकलं आणि लिहिलं. ‘गर्द’वरचे ते लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला, त्यातून ही संस्था उभी राहिली. पडद्यावर पोरांची भीती, रंगभवनात पोरांचा आवाज, आणि येरवड्यात पोरांचं ऐकून घेणारी एक खोली. तिन्ही एका वर्षातलं. महाराष्ट्राला तिसरी गोष्ट जमली याचा अभिमान वाटतो. ती इतक्या कमी ठिकाणी जमली याची खंतही.

याच काळात अमेरिकेत गाण्यावर खटलेच चालले होते. १९८५ मध्ये सिनेटपुढे रॉकच्या शब्दांची सुनावणी झाली आणि कॅसेटवर पालकांसाठी इशाऱ्याचं लेबल आलं. १९९० मध्ये ‘जुडास प्रीस्ट’ या बँडला दोन तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांसाठी नेवाडात कोर्टात उभं केलं गेलं. कोर्टानं ठपका ठेवला नाही. आर्कान्सामध्ये मात्र उलटं घडलं. तीन लहान मुलांच्या खुनासाठी १९९४ मध्ये तीन किशोरवयीन मुलांना दोषी ठरवलं गेलं. काळे कपडे आणि हेवी मेटलची आवड या गोष्टीही त्यांच्याविरुद्ध मांडल्या गेल्या. एकाला मृत्युदंड झाला होता. २०११ मध्ये, अठरा वर्षं तुरुंगात काढून, ते तिघे सुटले. कपड्यांवरून आणि कॅसेटवरून माणूस ओळखण्याची एवढी किंमत.

१९९९ मध्ये कोलंबाईन शाळेत दोन मुलांनी गोळीबार केला, तेव्हा खापर मर्लिन मॅन्सन या गायकावर फुटलं. ती मुलं त्याची चाहती नव्हतीच, हे नंतर पुढे आलं. मायकेल मूरनं आपल्या माहितीपटात मॅन्सनला विचारलं, कोलंबाईनच्या मुलांना आणि तिथल्या लोकांना तू काय सांगितलं असतंस? तो म्हणाला, काहीच सांगितलं नसतं, त्यांचं ऐकलं असतं. ते कुणी केलं नाही. चेहरा पांढरा रंगवून लोकांना घाबरवणाऱ्या त्या माणसाचं हे उत्तर त्या आठवड्यांतल्या कितीतरी शहाण्यांच्या उत्तरांपेक्षा शहाणं होतं.

आता पुण्याच्या त्या चौघांकडे परत येऊ, कारण त्यांची गोष्ट संपली नव्हती. नव्या शतकाच्या तोंडावर अनुराग कश्यपनं त्याच प्रकरणावरून ‘पांच’ केला. त्यात कला महाविद्यालयाच्या जागी मुंबईतला एक रॉक बँड आला. पोरं दाढी वाढवलेली, नशेत, किंचाळत गाणारी. संगीत विशाल भारद्वाजचं. सिनेमात हिंसा आहे, नशा आहे, एकही सज्जन पात्र नाही, समाजाला संदेश नाही, असे आक्षेप सेन्सॉरनं घेतले. पुढे काटछाट होऊन मंजुरी मिळाली तरी सिनेमा वर्षानुवर्षं डब्यातच राहिला. दिग्दर्शकाला रॉकची आवड होती म्हणून त्यानं बँड घेतला असेल, त्याला दोष नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या खऱ्या खुन्यांच्या हातात ब्रश आणि पेन्सिली होत्या. त्यांची गोष्ट पडद्यावर सांगताना त्यांच्या हातात गिटार आली. आणि ते बघणाऱ्याला पटतंही. चित्रं काढणारा पोरगा असं करेल हे मन मानत नाही, गिटार वाजवणारा करेल हे लगेच मानतं. आपली भीती कुठे मुरलीय ते यावरून कळतं.

मराठी सिनेमानं त्याच काळात जास्त समजूतदारपणा दाखवला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’मध्ये (२००२) शाळेनं वाया गेलेली म्हणून एका तुकडीत कोंबलेली मुलं आहेत, आणि त्यांच्या रागाचं कारण शोधणारा एक शिक्षक आहे. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ ही कादंबरी वाचून आपलेच ते दिवस पुन्हा आठवलेले कितीतरी बाप होते. त्यांतल्या काहींनी आपल्या मुलीच्या वहीत चिठ्ठी सापडली तेव्हा मात्र घर डोक्यावर घेतलं असेल. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. ‘झिंगाट’वर लग्नात मामा-काकाही नाचले, आणि वरात संपल्यावर तेच म्हणू लागले की या सिनेमानं पोरं पळून जायला लागली. पळालेल्यांना कोण मारतं, हे त्या सिनेमाच्या शेवटी दाखवलं होतं. ते सोयीस्करपणे विसरलं गेलं.

यातली गंमत अशी की गिटार दरम्यान सोवळ्यात आली. २००८ च्या ‘रॉक ऑन’नंतर तिचे क्लास लागले, आईच स्कूटीवरून सोडायला जाऊ लागली. ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड तुकोबांचे अभंग ड्रमवर गातो आणि आजीही कौतुक करते. मग भीतीला नवं गिऱ्हाईक लागलं, ते रॅपमध्ये मिळालं. २०२३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या रॅपवरून गुन्हा दाखल झाला, सरकारवर रॅप करणाऱ्या पोरांवरही गुन्हे झाले. विद्यापीठाच्या इमारतीत काय चित्रित व्हावं याला नियम असायलाच हवेत. पण विसर्जनाच्या मिरवणुकीत छाती हादरवणारा डीजे ज्यांच्या वर्गणीतून येतो, त्यांनी पोराच्या कानातल्या हेडफोनला घाबरावं, हे काही पटत नाही.

या खोऱ्यातल्या पोरांवर अलीकडे काय काय गुदरलं तेही पाहिलं पाहिजे. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपुरातही केवनाळे आणि सुतारवाडीत दरडींनी माणसं गाडली. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आता दहावी-बारावीच्या वयाची आहेत. अशा वयात पाहिलेलं मरण लगेच बाहेर पडत नाही. ते दोन-चार वर्षांनी वर्गातल्या मारामारीतून, रात्र रात्र जागण्यातून, कुणाशी न बोलण्यातून बाहेर येतं. तोपर्यंत मदतीच्या याद्या संपलेल्या असतात, आणि घरातलं माणूस म्हणतं, मोबाइलनं पोरगं बिघडलं.

गाणी सगळीच चांगली असतात असं नाही. काही रॅप शिवराळ असतात, काही गाणी बाईला वस्तू करतात, आणि बापानं ते पोराला तोंडावर सांगावं. पण गेल्या पन्नास वर्षांकडे पाहिलं तर मोडलेलं घर, बंद गिरणी, ब्राउन शुगर, दरड यांच्यापैकी एकही गोष्ट गाण्यानं आणलेली नव्हती. उलट ज्याला बोलता येत नाही त्या पोराचं गाणं ही त्यानं आपल्याला दिलेली पहिली खबर असते. ती हातात असताना आपण ती जप्त करतो.

म्हणून आईबापांना, मामा-आत्यांना, आमच्या शाळांतल्या गुरुजी-बाईंना एकच विनंती. पोरगं एखादं गाणं दिवसभर ऐकत असेल तर ते त्याच्याच बरोबर एकदा शेवटपर्यंत ऐका आणि यातलं काय आवडतं एवढंच विचारा. उत्तर ऐकून धास्ती वाटली तर सरकारी रुग्णालयातल्या किशोरांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकची चौकशी करा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, तो फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. अंगाऱ्याच्या आधी यातला एक नंबर फिरवा.