‘कॉमन थ्रेड’ म्हणजे नक्की कसला धागा?

आजचा वाक्प्रचार थेट इंटरव्ह्यूमधला. समोरचे सर तुमचा रेझ्युमे बघतात आणि विचारतात, “या सगळ्यात कॉमन थ्रेड काय आहे?” आपण मनात भाषांतर करतो, ‘सामान्य धागा’, आणि तिथेच गाडी अडते. कारण इथे ‘कॉमन’ म्हणजे साधा, सामान्य नाही, तर सामायिक. वेगवेगळ्या गोष्टींमधून सलग जाणारी एकच गोष्ट.

आपल्याकडे यासाठी छान शब्द आहे: समान सूत्र. सूत्र म्हणजे मुळात दोराच! नाटकाचे सगळे दोर ज्याच्या हातात, तो सूत्रधार.

अशीच एक दोऱ्याची गोष्ट युरोपातही आहे. ब्रिटिश नौदलाच्या दोरखंडात एक रंगीत धागा विणलेला असायचा. दोर चोरीला गेला, तरी सरकारी माल लगेच ओळखू यायचा. जर्मन लेखक गटेने १८०९ सालच्या कादंबरीत याच दोरातल्या लाल धाग्याची उपमा वापरली. म्हणून जर्मन लोक आजही समान सूत्राला ‘लाल धागा’ म्हणतात. गंमत अशी की तो धागा वरून चिकटवलेला नसायचा. दोराचा कुठलाही तुकडा कापा, धागा आत सापडणारच.

हीच आपली कसोटी. समजा, तुम्ही बी.कॉम. केलं, ढोल पथकाचा खर्च सांभाळला, काकांच्या मेडिकलमध्ये स्टॉक मोजला. तीन टोकाच्या गोष्टी वाटतात ना? पण तिन्हींत हिशोब आहे. हा झाला कॉमन थ्रेड. आता त्यात पोहण्याचं सर्टिफिकेट असेल, तर तिथे ओढूनताणून हिशोब घुसवू नका. “हा माझा छंद आहे” म्हणा आणि पुढे जा. खोटा धागा दुसऱ्याच प्रश्नाला तुटतो.

आणखी एक. दोघं मित्र कोल्हापूरचे असतील, तर त्याला कॉमन थ्रेड म्हणत नाहीत, तिथे ‘समथिंग इन कॉमन’. थ्रेड बहुतेक वेळा कामं, गोष्टी, सिनेमे, घटना यांच्यातून जातो, आणि त्याच्यासोबत क्रियापद येतं ‘रन्स थ्रू’.

आजचा होमवर्क: तुमच्या आवडत्या तीन सिनेमांमधलं समान सूत्र शोधा आणि एका इंग्रजी वाक्यात मोठ्याने बोलून बघा. भेटू पुढच्या भागात!