सर्व्हर मुंबईत, बिल परभणीत

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ पीक विम्याची मुदत संपत आली की जिंतूरपासून पालमपर्यंत कुठल्याही सेवा केंद्रावर हे ऐकायला मिळतं. तो सर्व्हर कुठं असतो आणि कोण सांभाळतं, हे विचारायला रांगेतल्या माणसाला सवड नसते. केंद्रचालकाला विचारलं तर त्यालाही ठाऊक नसतं. पण परभणीत बसून स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेणारेही आता भेटतात. वसमत रोडवरचा क्लासवाला, नव्या मोंढ्यातला बियाणं विक्रेता, तालुक्याचं साप्ताहिक चालवणारे संपादक, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी इंजिनिअरिंगची पोरं. ईमेल, मोबाइल नंबर आणि चालू कार्ड एवढ्यावर खातं उघडतं. मग कंट्रोल पॅनेल समोर येतं आणि गाडी तिथंच अडते. दोनशेहून अधिक सेवांची नावं, त्यातली निम्मी कशाची आहेत हे नावावरून कळत नाही, आणि वर उजव्या कोपऱ्यात अमेरिकेतल्या कुठल्या तरी भागाचं नाव.

सरकारी कचेरीला हा ताप नाही. परभणी जिल्ह्याचं अधिकृत संकेतस्थळ देशातल्या इतर जिल्ह्यांसारखंच ‘राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र’ म्हणजे एनआयसी सांभाळते. एनआयसीने २०१४ मध्ये ‘मेघराज’ या नावाने स्वतःचा क्लाउड सुरू केला. जिल्हा प्रशासनाने मजकूर द्यायचा, बाकी यंत्रांचं काय ते दिल्लीने बघायचं. खासगी माणसाला मात्र हे पॅनेल स्वतःच हाताळावं लागतं, म्हणून हा खटाटोप. उदाहरणासाठी ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस घेतो. गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडे नावं बदलतात, तर्क तोच राहतो.

पॅनेल इतकं गजबजलेलं का, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याचे सर्व्हर द्यायला सुरुवात केली तेव्हा असं पॅनेलच नव्हतं. प्रोग्रामर मंडळी आज्ञा लिहून सर्व्हर मागवायची आणि परतही करायची. माउसने चालणारं पॅनेल आलं २००९ मध्ये. म्हणजे मूळ माल आज्ञांचा, पॅनेल हा त्यावर नंतर चढवलेला मुखवटा. तुम्ही दाबता त्या प्रत्येक बटणामागे तशीच एक आज्ञा जाते. पुढे सेवा वाढत गेल्या, तशी प्रत्येक सेवेच्या चमूने आपापली पानं त्यात जोडली. सगळं शिकून घेऊ असं म्हणून कुणी बसलं तर तो उठणार नाही. ते पॅनेल अख्ख्या बँका आणि विमान कंपन्या चालवणाऱ्यांसाठीही तेच आहे. आपल्याला शिकायचं ते एवढंच: आपलं काय, कुठं चालू आहे आणि त्याचे पैसे कुठून कापले जातात.

‘कुठं’पासून सुरुवात करू. त्या उजव्या कोपऱ्यातल्या नावाला रीजन म्हणतात. नवीन खात्यात तिथं बहुधा व्हर्जिनिया किंवा ओहायो असतं. ते बदलून आधी मुंबई करा. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन जून २०१६ मध्ये सुरू झालं. मायक्रोसॉफ्टने त्याआधीच २०१५ मध्ये पुण्यात बस्तान बसवलं होतं आणि गूगल २०१७ मध्ये मुंबईत आलं, त्यामुळे तिन्ही कंपन्यांची यंत्रं महाराष्ट्रातच आहेत. एडब्ल्यूएसने २०२२ मध्ये हैदराबादही जोडलं. नकाशावर बघितलं तर परभणीला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून सिकंदराबादला जाते ती परभणीवरूनच. १९५६ पर्यंत आपला कारभार हैदराबादेतूनच चालत होता, तेव्हा जुनं नातं म्हणून कुणाला तिकडे जावंसं वाटलं तर हरकत नाही. मात्र हैदराबाद रीजन आपोआप मिळत नाही, खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते आधी चालू करून घ्यावं लागतं. मुंबई पहिल्या दिवसापासून उघडी असते.

अंतराचा प्रश्न हौसेचा नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई किंवा हैदराबाद हा फरक डोळ्याला कळणार नाही. व्हर्जिनिया मात्र तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. नुसतं जाऊन यायलाच सेकंदाचा आठवा भाग लागतो, आणि एक पान उघडायला असे कितीतरी हेलपाटे होतात. गंगाखेडच्या विद्यार्थ्याने गंगाखेडच्या क्लासची प्रश्नपत्रिका उघडायची आणि ती अमेरिकेला जाऊन यायची, याला काही अर्थ नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी याच व्हर्जिनिया रीजनमध्ये नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला आणि जगभरातली ॲप्स कित्येक तास अडखळली. केवळ कोपऱ्यातलं नाव बदलायचं राहिलं म्हणून तिथं पडून असलेली छोटी संकेतस्थळंही अशा बिघाडात सापडू शकतात.

रीजनचा खरा फटका वेगळाच. पॅनेल एका वेळी एकाच रीजनमधले सर्व्हर दाखवतं. सोमवारी गडबडीत ओहायोत सर्व्हर सुरू केला, मंगळवारी मुंबई निवडून पॅनेल उघडलं, तर यादी रिकामी. माणूस म्हणतो, चला, काहीच चालू नाही. तिकडे ओहायोतला सर्व्हर रात्रंदिवस पळत असतो. सर्व रीजनमधला माल एकत्र दाखवणारं ‘ईसी२ ग्लोबल व्ह्यू’ नावाचं पान आहे. ते वरच्या शोधपट्टीत नाव टाकूनच काढायचं. खरं तर कुठलंही पान तसंच काढायचं. डावीकडचे मेनू खाली-वर करत बसण्यात वेळ जातो.

आता सर्व्हरचं पान. सर्व्हरला इथं इन्स्टन्स म्हणतात. एका ओळीत त्याचं नाव, ‘आय’ अक्षराने सुरू होणारा लांबलचक क्रमांक, प्रकार आणि हिरव्या रंगात ‘रनिंग’. प्रकारात ‘टी३ मायक्रो’ असलं तर समजायचं, एक जीबी मेमरी. साप्ताहिकाच्या संकेतस्थळाला तेवढी चालून जाते. ओळीवर टिचकी मारून ‘इन्स्टन्स स्टेट’ उघडलं की आत स्टॉप, रीबूट आणि टर्मिनेट असे पर्याय दिसतात. यातल्या ‘टर्मिनेट’ला घाबरलंच पाहिजे. नेहमीच्या मांडणीत सर्व्हरबरोबर त्याची मूळ डिस्कही जाते आणि ती परत येत नाही. म्हणून सर्व्हर सुरू करतानाच ‘टर्मिनेशन प्रोटेक्शन’ चालू करून ठेवावं आणि डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, अधूनमधून काढावा.

‘स्टॉप’ दिसायला निरुपद्रवी, पण लोक जास्त फसतात ते इथंच. स्टॉप केलं म्हणजे पैसे थांबले, असं वाटतं. महावितरणचं बिल आठवा: महिनाभर घराला कुलूप असलं तरी स्थिर आकार येतोच. इथंही सर्व्हर बंद केला की त्याचं तासाचं भाडं थांबतं, डिस्कचं थांबत नाही. राखून ठेवलेला आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक, असेल तर त्याचंही थांबत नाही. १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावतं. महिन्याचे ७३० तास धरले तर ३.६५ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. इतर कंपन्यांच्या तऱ्हा आणखी निराळ्या. डिजिटलओशनवर सर्व्हर नुसता बंद करून ठेवला तर पूर्ण भाडं चालूच राहतं, तो मोडूनच टाकावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या पॅनेलवर ‘स्टॉप्ड’ आणि ‘स्टॉप्ड (डीॲलोकेटेड)’ अशा दोन अवस्था दिसतात, त्यातल्या पहिलीत मीटर चालू, दुसरीत बंद. एका कंसाचे पैसे पडतात.

स्टॉपचा दुसरा परिणाम दुसऱ्या दिवशी कळतो. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की त्याचा सार्वजनिक आयपी पत्ता बदलतो. तुमच्या डोमेनच्या नोंदीत, ज्याला ‘ए रेकॉर्ड’ म्हणतात, जुनाच पत्ता लिहिलेला असतो. सर्व्हर ठणठणीत, पॅनेलवर हिरवा दिवा, आणि संकेतस्थळ मात्र उघडत नाही. डोमेन बहुधा दुसऱ्याच कंपनीकडून घेतलेलं असतं, त्यामुळे दोष शोधणारा एडब्ल्यूएसच्या पॅनेलमध्ये डोकं आपटत बसतो. दुरुस्तीची जागा असते डोमेनवाल्याच्या पॅनेलमध्ये. कायमचा पत्ता हवा तर ‘इलॅस्टिक आयपी’ घेऊन सर्व्हरला जोडायचा.

पाचएक मिनिटांचं एक प्रात्यक्षिक मी नवख्यांना आवर्जून करायला लावतो. नवा सर्व्हर सुरू करायचा, लॉगिनची नोंदवही उघडायची आणि चहा पिऊन यायचं. परत येऊन पाहावं तर वहीत अनोळखी पत्त्यांवरून दारं ठोठावल्याच्या ओळी: कुणी ‘रूट’ नावाने येऊ पाहतं, कुणी ‘ॲडमिन’, कुणी ‘टेस्ट’. तुमच्या सर्व्हरचं नाव अजून घरच्यांनाही सांगितलेलं नसतं. इंटरनेटवरचे सगळे पत्ते ओळीने चाचपत जाणारे प्रोग्राम दिवसरात्र चालतात, त्यांची तुमच्याशी दुश्मनी नसते. यावरचा उपाय ‘सिक्युरिटी ग्रुप’ या पानावर आहे. तिथल्या ‘इनबाउंड रूल्स’मध्ये कुठला पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं कुठलं दार, कुणासाठी उघडा, हे लिहिलेलं असतं. ८० आणि ४४३ हे वाचकांसाठी, ते सर्वांना उघडे ठेवावेच लागतात. २२ हा तुमच्या लॉगिनचा. त्याच्यापुढे ०.०.०.०/० असं दिसलं तर तो साऱ्या जगाला मोकळा आहे. तिथं ‘माय आयपी’ निवडा. घरचं ब्रॉडबँड पत्ता बदलत राहतं, म्हणून अधूनमधून तो नियम नव्याने भरावा लागतो. हा त्रास सोसावा. ३३०६ म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेस, तो बाहेरच्यांना उघडण्याचं क्लासवाल्याला काहीच कारण नाही. लॉगिनची किल्ली, म्हणजे ‘पेम’ फाइल, एकदाच डाउनलोड होते. ती हरवली तर कंपनीही दुसरी प्रत देत नाही.

पैशांकडे वळू. शोधपट्टीत ‘बिलिंग’ टाकून ‘बजेट’ काढा. शून्य खर्चाचं तयार बजेट तिथं मिळतं: फुकटाची मर्यादा ओलांडली की ईमेल येतो. एवढं करायला दोन मिनिटं लागतात आणि ते सर्व्हर सुरू करण्याआधी करावं. मात्र बजेट नुसती खबर देतं, खर्च तोडत नाही. तीही काही तासांनी, कारण बिलाचे आकडे दिवसातून जेमतेम तीनदा ताजे होतात. फुकटाचे नियमही बदलले आहेत. ‘बारा महिने मोफत’ सांगणारे यूट्यूबवरचे व्हिडिओ जुन्या खात्यांपुरते खरे. १५ जुलै २०२५ नंतर उघडलेल्या खात्याला दोनशे डॉलरपर्यंत क्रेडिट आणि फ्री प्लॅनचे सहा महिने मिळतात. क्रेडिट किंवा मुदत, यातलं जे आधी संपेल तेव्हा खातं बंद होतं. नव्वद दिवसांत पैसे भरायची तयारी दाखवली तर डेटा परत मिळतो. शिकणाऱ्या पोरांसाठी हा प्लॅन जुन्यापेक्षा बरा, कारण त्यात आवाक्याबाहेरचं बिल येत नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मग सर्व्हर घ्यावाच का? बऱ्याच जणांनी घेऊ नये, असं माझं मत आहे. दुकानाचा पत्ता, फोन आणि बियाण्यांची यादी दाखवायला भाड्याचा सर्व्हर लागत नाही. चार स्थिर पानं फुकट ठेवता येतात. संपादकांना वर्डप्रेस हवं असेल तर सी-पॅनेलवालं साधं सामायिक होस्टिंग पुरतं. आणि जिथं प्रोग्राम खरंच चालवायचा आहे तिथं आधी तो किती वेळ चालणार, हे बघावं. समजा, कृषी पदवीधर झालेल्या एखाद्याने ठरवलं की वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आपल्या गावातल्या शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवायचा. हा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. काम प्रत्येकी दहा मिनिटांचं. त्यासाठी आठवड्याचे १६८ तास सर्व्हर जागा ठेवणं म्हणजे वीस मिनिटांसाठी आठवडाभराचं भाडं. ठरल्या वेळी प्रोग्राम चालवून विझून जाणारी ‘लॅम्डा’सारखी सेवा त्याच पॅनेलमध्ये आहे आणि एवढ्याशा कामाला ती जवळजवळ फुकट पडते. सर्व्हरच हवा असेल, पण हिशेबाची डोकेदुखी नको, तर एडब्ल्यूएसचंच ‘लाइटसेल’ बघावं. महिन्याला ठरावीक भाडं, आणि पॅनेलही मोजक्या बटणांचं.

राहता राहिला खात्याच्या मालकीचा प्रश्न. लहान गावात तो हमखास चिघळतो. क्लासचं खातं उघडून देतो एखादा हुशार पोरगा, आपल्या स्वतःच्या जीमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन. वर्षभरात तो हिंजवडीला नोकरीला लागतो, नंबर बदलतो आणि सर फोन लावत बसतात. खातं ज्या ईमेलवर उघडलं तो झाला ‘रूट’ वापरकर्ता; कंपनीच्या लेखी मालक तोच, कार्ड भले सरांचं असो. म्हणून रूट खातं पहिल्यापासून संस्थेच्या ईमेलवर उघडावं आणि पोराला ‘आयएएम’ या पानावरून मर्यादित अधिकारांचा वेगळा वापरकर्ता करून द्यावा. तो गेला की तेवढा एक वापरकर्ता काढून टाकायचा. कोणी कधी काय उडवलं, यावरून वाद झालाच तर ‘क्लाउडट्रेल’मध्ये गेल्या नव्वद दिवसांत पॅनेलवरून केलेल्या बदलांची नावानिशी नोंद असते. रूटला पासवर्डखेरीज दुसरी ओळखही आता सक्तीची आहे, पण ती एकाच फोनवर ठेवायची सक्ती नाही. एका वापरकर्त्याला अशी आठ साधनं नोंदवता येतात. दोन पुरेत: एक सरांच्या फोनवर, दुसरं घरातल्या कुणाच्या तरी.