मग एसटी चालते कुणाच्या पैशावर?

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी ऐकलं तसंच.)

जवळा बाजारहून बोलतोय. आजचा विषय ऐकून लगेच पुढं ढकलू नका. विषय आहे सरकारचं बजेट. तो मला सुचवला माझ्या मावसबहिणीनं. ती अकरावीला आहे, रोज एसटीनं कॉलेजला जाते. परवा आम्ही सगळे लग्नाला निघालो होतो. कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि ती मला म्हणाली, "दादा, माझा पास फुकट. आजीचं तिकीट फुकट. आईचं अर्धं. पूर्ण पैसे फक्त तू दिलेस. मग ही गाडी चालते कुणाच्या पैशावर?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून घरी येऊन बसलो आणि हा भाग तयार केला.

आधी एसटीचंच बघू

बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. महिलांना अर्धं तिकीट २०२३ च्या मार्चच्या बजेटमध्ये जाहीर झालं आणि १७ मार्च २०२३ ला सुरूही झालं. आता आईनं जे अर्धे पैसे दिले नाहीत, ते माफ झालेले नाहीत बरं का. ते राज्य सरकारनं एसटी महामंडळाला द्यायचे असतात. म्हणजे गाडी चालते प्रवाशाच्या तिकिटावर आणि सरकारच्या भरपाईवर.

पण डिझेल रोज लागतं, पगार दर महिन्याला लागतो. भरपाई उशिरा आली की ओढाताण सुरू. त्यात नवीन गाड्या घ्यायला लागणारा पैसा वेगळ्या खिशातून येतो. बजेटच्या भाषेत सवलत हा 'महसुली' खर्च आणि नवी गाडी हा 'भांडवली' खर्च. सवलत जाहीर झाली म्हणजे गाड्या वाढल्या असं होत नाही. २५ जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. शंभराचं तिकीट साधारण एकशेपंधराचं झालं. अर्ध्या तिकिटालाही पन्नासाच्या जागी सत्तावन्न-अठ्ठावन्न लागायला लागले.

आता समजा, एखाद्या गावाची सकाळची फेरीच बंद झाली. तर त्या गावच्या पोरीनं मोफत पास घेऊन काय करायचं? आजचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे. माणसाला मिळणारा लाभ वेगळा आणि ती सेवा उभी राहणं वेगळं. बजेटमध्ये दोन्हींना वेगवेगळे पैसे लागतात.

मोठा आकडा, छोटा करून

१० मार्च २०२५ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चं बजेट मांडलं. एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी. आपल्या डोक्यात एवढे शून्य मावत नाहीत, म्हणून असं धरा: महसूल १०० रुपये येणार आणि महसुली खर्च १०८ रुपये होणार. वरचे आठ रुपये म्हणजे महसुली तूट. खरा आकडा ४५,८९१ कोटी.

त्या शंभरातले निम्म्याहून जास्त रुपये पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज यातच जातात. ते थांबवता येत नाहीत. आपल्या घरी नाही का, सोयाबीनला भाव आला नाही तर बँकेचा हप्ता आणि किराणा आधी. छपराचे पत्रे? "पुढच्या साली बघू." सरकारचे पत्रे म्हणजे शाळेची दुरुस्ती, दवाखान्यातली औषधं, रस्त्यावरचे खड्डे. कुणी 'बंद केलं' असं जाहीर करत नाही. नुसतं पुढं ढकललं जातं.

दिवाळीचा शिधा कुठं गेला?

२०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल मिळालं होतं. 'आनंदाचा शिधा'. रेशनच्या रांगेत आपणच उभे होतो. २०२५ च्या दिवाळीत तो आला नाही. लाडकी बहीण योजनेचा तिजोरीवर भार आहे, हे कारण खुद्द अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ यांनीच बोलून दाखवलं.

लाडकी बहीण योजनेला २०२५-२६ साठी ३६,००० कोटींची तरतूद होती. म्हणजे एकूण खर्चाच्या शंभरात पाच रुपये. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी या योजनेकडं वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी दाखवली. सरकारची बाजू अशी की हा पैसा त्याच समाजांतल्या बहिणींना जातो. पण वसतिगृहात राहणाऱ्या पोरांचा प्रश्न उरतोच: आमच्या खात्यातून गेलेले परत कधी भरणार?

आता कुणी म्हणेल, हा योजनेच्या विरोधात बोलतोय. नाही. माझ्या आईला ते १,५०० मिळतात. तिच्या स्वतःच्या नावावर आलेला तो पहिला पैसा आहे आणि त्याची किंमत मला माहीत आहे. पण त्यातून ती काय घेते सांगू? बीपीच्या गोळ्या. कारण एका सरकारी दवाखान्यात (नाव घेत नाही) चिठ्ठी मिळाली, "बाहेरून आणा." एका हातानं आलेलं दुसऱ्या हातानं मेडिकलवर गेलं.

दवाखाना मोफत, पण औषध?

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलं झालं. पण मोफत केलं की गर्दी वाढते, आणि गर्दीला डॉक्टर, नर्स, गोळ्या जास्त लागतात. तो दुसरा खर्च पहिल्याच्या मागोमाग वाढला पाहिजे. आपल्या भागातला गंभीर पेशंट नांदेडला नेतात. तिथलं मोठं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणजे खातं वेगळं, पैशाची वाट वेगळी. तिथं ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. सरकारनं औषधांचा तुटवडा नाकारला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि औषधं, रिक्त जागा, खरेदी यांचा हिशोब विचारला. टीव्हीवर रात्री चर्चा झाली, पण मुळातले प्रश्न हेच होते: तरतूद किती, मिळाले किती, खरेदी कधी?

तीन शब्द पाठ करा

तरतूद, वितरण, खर्च. तरतूद म्हणजे बजेटमध्ये लिहिलेलं. वितरण म्हणजे अर्थ विभागानं खात्याला खरंच सोडलेलं. खर्च म्हणजे झालेलं काम. बातमी तरतुदीची होते, आपल्याला मिळतो तो खर्च. वर्षभर पैसा अडतो, मग ३१ मार्चच्या आत संपवायची घाई. 'मार्च एंड'ला रस्ते का होतात, कळलं?

मोबाईलवर काय बघता येतं

राज्याच्या 'बीम्स' या संकेतस्थळावर कोणत्या खात्याला किती तरतूद आणि किती वितरण, ते दिसतं. आणि आपल्या ग्रामपंचायतीचं 'ई-ग्रामस्वराज'वर बघा. पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा गावांसाठी आला, त्यातला ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. म्हणजे "पैसा नाही, नळ कसा दुरुस्त करू?" असं उत्तर आलं, तर मोबाईल काढून विचारता येतं: या वर्षी बंधित निधी किती आला आणि कुठं गेला? भांडायचं नाही. वर्ष, रक्कम, कामाचं नाव, एवढंच विचारायचं. ग्रामसभेत विचारलं की ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगायचं.

मावसबहिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी तिकीट नाही काढलं तरी पैसे आपलेच?" आपलेच. ती साबण घेते, मोबाईलचं रिचार्ज मारते, त्यावर जीएसटी भरते. त्यामुळं गाडी वेळेवर का नाही, हे विचारायचा हक्क तिला माझ्याइतकाच आहे.

येत्या ग्रामसभेला ती येणार आहे. प्रश्न वहीत लिहून ठेवलाय. तुमच्या गावचा आकडा काय निघाला ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, राम राम.