लाखोरी आणि बशीतली चेतापेशी

धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोरी फोकायची, ही आमच्या भंडारा जिल्ह्याची जुनी रीत. नांगर नको, पाणी नको. माझ्या लहानपणी गावात एक म्हातारे होते. गुडघे वाकलेले, पाय एकमेकांत अडकणारे. चवड्यांवर, काठीच्या आधाराने चालायचे. ‘लाखोरीनं धरलं,’ एवढंच लोक सांगत. आयुर्वेद याला कलायखंज म्हणतो, डॉक्टर लॅथिरिझम. १९६१ पासून लाखोरीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली.

लाखोरीतले विष, ओडॅप, १९६४ साली भारतीय संशोधकांनीच वेगळे केले. पण ते चेतापेशीला नेमके काय करते, हे जिवंत माणसाच्या मज्जारज्जूत पाहता येत नाही. ते बशीत पाहावे, तर प्रौढ चेतापेशी विभागतच नाही. उंदराच्या मेंदूतून काढावी, तर दर वेळी नवा जीव लागतो.

वाट सापडली ती कर्करोगातून. १९७०च्या सुमारास अमेरिकेत न्यूरोब्लास्टोमा झालेल्या चार वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेतून पेशी घेतल्या गेल्या. त्यातून निवडत निवडत एसएच-एसवाय५वाय ही ‘सेल लाइन’ तयार झाली. सेल लाइन म्हणजे एकाच मुळाची, न थांबता वाढणारी वंशावळ. ती आज जगभर वाढते आहे. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा अनेक वंशावळी देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवते.

कृती ऐकायला सोपी आहे. ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, गुलाबी पोषकद्रव. मग सीरम कमी करायचे आणि रेटिनोइक आम्ल घालायचे. हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्याच घरातले. आठवडाभरात पेशींचे विभाजन मंदावते, त्या निमुळत्या होतात, त्यांना लांब तंतू फुटतात. अडचण एवढीच की काही चपट्या पेशी दाद देत नाहीत आणि धानात गवत माजावे तशा माजतात. फार पिढ्या वाढवलेल्या पेशीही पूर्वीसारख्या वागत नाहीत.

‘या पेशींवर ओडॅप टाका, लाखोरीचा निकाल लागेल,’ असे मी पूर्वी एका लेखात लिहिले होते. ते घाईचे होते. ओडॅप हे ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप्याचे सोंग घेते. ते चेतापेशीवरच्या ‘अँपा’ नावाच्या दाराला चिकटते, दार उघडे राहते आणि अतिउत्तेजनाने पेशी खचते. उंदराच्या मेंदूतल्या पेशींच्या संवर्धनात हे दिसले. दार अडवणारे रसायन घातले की इजा कमी झाली. पण कर्करोगातून घडवलेल्या पेशीवर ही दारे पक्व चेतापेशीइतकी असतील याचा भरवसा नाही. तिला काही झाले नाही, तर लाखोरी निर्दोष ठरत नाही. शिवाय माणूस ती डाळ महिनोन्महिने खातो; बशीतला प्रयोग फार तर काही दिवसांचा.

शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये प्रौढ माणसाच्या त्वचेच्या पेशी मूळपेशींसारख्या करून दाखवल्या. त्यांपासून आता चालक चेतापेशीही घडवतात, म्हणजे लॅथिरिझममध्ये बिघडतात त्याच जातीच्या. हे काम महाग आहे, महिने घेते. पण पेशी त्या माणसाचीच असते.

त्या म्हाताऱ्यांची बायको त्याच गंजातली लाखोरी जन्मभर जेवली आणि शेवटपर्यंत ताठ चालली. दोघांच्या चेतापेशी दोन बशांत शेजारी ठेवता आल्या असत्या, तर ओडॅपने दोन्हीकडे सारखेच केले असते का?