आधी सफर, मग चित्रपट

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या होडीतून उतरताच भाच्याने, ही राइड चित्रपटाची हुबेहूब नक्कल आहे, असा शेरा मारला, वास्तविक सफर १९६७ची, चित्रपट २००३चा.

कैद्यांनी हाडूक दाखवून, तोंडात किल्ल्या धरलेल्या कुत्र्याला आर्जवाने बोलवावे आणि त्याने ढिम्म हलू नये, हा प्रसंग तर चित्रपटानेच सफरीकडून उसना घेतला.

२००६ साली मात्र उलटा अंमल सुरू झाला: ज्या सफरीला नायकच नव्हता तिच्यात कॅप्टन जॅक स्पॅरोचे यांत्रिक पुतळे दाखल झाले, आणि काळोखातून जाणाऱ्या प्रेक्षकास स्वतःची कथा रचण्याची जी मुभा होती, ती (पुतळे अप्रतिम आहेत, हे कबूल) बव्हंशी संपुष्टात आली.

चित्रपटावर राइड बेतण्यास माझी हरकत नाही. प्रत्येक नव्या राइडला चित्रपटाचा परवाना सक्तीचा नसावा, इतकाच अर्ज.