जाळरेषा आणि वणवा : दोन आगींतला फरक

थंडी सरत आली की वनखात्याची माणसं जंगलाच्या कडेने गवत जाळताना दिसतात. मग गावात बोललं जातं, "त्यांनी जाळलं तर चालतं, आपण काडी लावली की गुन्हा!" वरवर बरोबरच वाटतं ते.

पण ते जाळतात ती जाळरेषा. आपल्याकडे आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, त्याआधी हे काम उरकावं लागतं. पट्ट्याच्या दोन्ही कडा खरवडून माती उघडी करतात, मधलं गवत कापून वाळू देतात. मग वारा पडलेला बघून, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून, थोडं थोडं जाळत पुढे जातात. हातात ओल्या पाल्याच्या डहाळ्या असतात. पूर्ण विझल्याशिवाय कोणी घरी जात नाही. पुढे एप्रिलात वणवा आला की त्या काळ्या पट्ट्यावर त्याला खायला काही उरत नाही. वारा जोराचा असला तर ठिणगी पलीकडे उडतेच, पण विझवणाऱ्यांना उभं राहायला जागा तरी मिळते.

आणि आपली आग? डोंगर जाळला की गवत चांगलं येतं म्हणतात. जळल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरं. पण दरसाल जाळत राहिलं तर पवन्या, मारवेल असं जनावरं आवडीने खातात ते गवत मागे पडतं आणि कुसळी माजते. कुसळीचं बी टोकदार, पीळ घेत मातीत शिरतं, म्हणून आगीतून वाचतं. साडीला चिकटलेली कुसळं काढत बसणारीला हे वेगळं सांगायला नको.

मोहफुलांचंही तसंच. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पुढे जंगलात जाते. मोहाची लहान रोपंही त्यात जळतात. मग पुढच्या पिढीने वेचायचं काय? त्यापेक्षा झाडाखालचं झाडून घ्या, पाला खताच्या खड्ड्यात टाका. झाडाखाली जाळी बांधली तर फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ राहतात. एकटीला जाळी महाग वाटेल, पण गटाने मिळून घेता येते.

कायद्याचंही माहीत असू द्या. राखीव जंगलाला आग लावणं हा भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. मुद्दाम किंवा मोठ्या निष्काळजीपणाने आग लागली, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ थांबवू शकतं. म्हणजे काडी एकाची आणि चारा बंद साऱ्या गावाचा.

वणवा दिसला तर वनविभागाच्या 1926 या नंबरवर लगेच फोन करा. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वनरक्षकांना बोलावून विचारा : आपल्या शिवाराजवळ जाळरेषा कुठून जाते, यंदा कधी जाळणार, आणि त्या मजुरीवर बायकांना घेणार का?