खोपटच्या मतदाराला नगरसेवकच नव्हता

लोकशाहीतला नागरिक खरोखर स्वतंत्र असतो का, हे तपासायला खोपट पुरेसे आहे. मार्च २०२२ मध्ये ठाणे महापालिकेची मुदत संपली. पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला झाले. मधली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे. कल्याण-डोंबिवलीत तर नोव्हेंबर २०२० पासूनच. संविधानाचा अनुच्छेद २४३-यू सांगतो, पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात होते, हे खरे. पण पाणीपट्टी कुठे थांबली?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतली विसंगती दाखवली. इथे ती राजकीय समताही लांबणीवर पडली. आम्ही वस्त्यांत काम करतो. ओळख असलेल्याचे काम प्रशासकाच्या काळातही होते. बाकीच्यांना नगरसेवकाचे दार हाच रस्ता. (माजी नगरसेवक होते म्हणा, पण सभागृहच नव्हते.)

आताच्या सभागृहाची पाच वर्षे २०३१ मध्ये भरतील. प्रभागरचना कधी सुरू करणार, हे आपल्या कार्यकर्त्यांनी २०३० पासूनच लेखी विचारायला हवे.